हमामाच्या विहिरीचे पाहुणे

२ मार्च १९३५
पोहोचलो एकदाचा! रास मरवानचं बंदर म्हणजे चार होड्या आणि एक लंगडा उंट. मुहर्रकसारख्या गजबजलेल्या बंदरातून आलेल्याला हसूच येईल. पण घर झकास आहे. समुद्राचा वारा, अंगणात पाण्याचे मोठे रांजण, आणि दुभाष्याची नोकरी. पगार ऐकून सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला शहाणा म्हटलं. लतीफाला सहावा महिना आहे. बाळंत झाली की बाळाला घेऊन इकडे येईल.

साहेब, म्हणजे इंग्रजांचा इथला अधिकारी, हसतमुख आहे. तो इथल्या राज्यकर्त्या शेखना फक्त सल्ला देतो. बंदरात तोफांचं जहाज उभं असलं की सल्ला लवकर पटतो.

१९ मार्च
आज मी बाजी मारली. तेल कंपनीला हमामाच्या विहिरीभोवतीचं माळरान हवं आहे. शेख गानिम कधीपासून टाळाटाळ करताहेत, कारण उन्हाळ्यात बनी रुशाद टोळी त्याच विहिरीवर उतरते आणि दुसरं पाणी फार लांब आहे. साहेब अगदी मेटाकुटीला आला होता. मी त्याच्या कानात सांगितलं, कहवा पिऊ नका, पेला तसाच समोर ठेवा. पाहुण्यानं पेला असा ठेवला, की त्याचं काही मागणं असतं, आणि आमच्यात यजमान ते न ऐकताच ‘प्या, दिलं’ म्हणतो. नाही म्हटलं तर अब्रू गेली.

साहेबानं पेला ठेवला. शेख माझ्याकडे बघत म्हणाले, प्या साहेब, दिलं. निघताना मला म्हणाले, शाबास रे मुहर्रकच्या! आईचं दूध विकायची वेळ आली तर दलाल म्हणून तुलाच बोलावीन. मी हसण्यावारी नेलं. साहेबानं मला स्वतःचं घड्याळ दिलं.

११ जून
लतीफाला मुलगी झाली! ८ जुलैच्या होडीनं दोघी येताहेत.

ही बातमी नेमकी आजच यावी. विहिरीभोवती आता तारेचं कुंपण आहे, आत कंपनीचं यंत्र धडधडतं. पहारेकरी धियाब सांगत होता, बनी रुशाद आले होते. म्हातारे, बायका, लेकरं. हुकूम नव्हता म्हणून त्यानं फाटक उघडलं नाही. दिवसभर ते तार धरून बसले आणि मग दुसऱ्या पाण्याकडे निघाले. पोहोचले का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मला काय विचारतोस? गिधाडांना विचार.



५ जुलै
भर दुपारी पाहुणा आला. म्हातारा, ओठ फुटलेले. डोळ्यांत वाळू होती, पण तो ती पुसत नव्हता. पाहुण्याला तीन दिवस नावगाव विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. कहवा ओतला. त्यानं पेला समोर ठेवला, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, प्या काका, दिलं.

तो प्याला. मग म्हणाला, माझी माणसं तहानलेली आहेत, विहीर उघडून दे. तीन दिवसांत नाही जमलं तर तू आमच्याबरोबर यायचं.



६ जुलै
साहेब खो खो हसला. म्हणाला, शब्द तू दिलास, जमीन कंपनीची आहे. शेख म्हणाले, तुझ्यामुळे मी माझा शब्द पाळला, आता तू तुझा पाळ.

सकाळी भरलेले रांजण कोरडे. म्हातारा जागचा हललेला नाही. अंगणात आणखी माणसं बसली आहेत. एक बाई मांडीवरचं मूल थोपटते आहे. मूल रडत नाही — हलतही नाही.

७ जुलै
घशाला कोरड. शेजारी पाणी देतात, ओठाला लावावं तर मडकं रिकामं.

धियाबच्या पाया पडलो. त्यानं फाटक उघडलं. पोहरा सोडला — वर आला तो काळाकुट्ट. यंत्रानं खाली काय फोडलं कोण जाणे. पाणी नाहीच. नुसतं तेल.

तोच पोहरा घेऊन घरी आलो.

८ जुलै
म्हाताऱ्याला खरं ते सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं — म्हणाला, आहे ते ओत.

ओतलं. सगळ्यांच्या हातात पेले. माझ्याकडे एवढे पेले नाहीतच —

कुणी पीत नाही. म्हातारा म्हणतो, पोरा, पहिला पेला यजमानाचा. रीत विसरलास? तू नाही तर तुझी बायको.

प्यालो. कोमट. आता आवाज फुटत नाही —

दारात लतीफा. बाळ तिच्या छातीशी. पाहुणे बघून ओढणी सावरते आहे, मर्यादेनं —

मूल थोपटणारी ती बाई उठली. आपलं मूल वाळूत ठेवलं. पेला लतीफासमोर ठेवला, तसाच भरलेला. नजर आमच्या बाळावर —

नको लतीफा, म्हणू नकोस. माझ्याकडे बघ — तोंडातून तेल — अगं, माझ्याकडे —

ती हसली. पाहुणीला म्हणते आहे, प्या मावशी, दि