बिनरंगी पाणी

बाबा, ओल्या सुताच्या लडी दगडावर आपटण्याचा तो आवाज सकाळपासून डोक्यात घुमतो आहे. फट्, मग पाण्याची सळसळ, पुन्हा फट्. मागच्या अंगणात तुम्ही वाकलेले, हात कोपरापर्यंत जांभळे, आणि मी भट्टीपाशी ढवळायची काठी घेऊन उभा, शाळेतली नदीवरची कविता चालीत म्हणतो आहे. तुम्ही मागे न बघताच म्हणता, "कवितेनं रंग नाही चढत गा. लडी हालव." मग शेवटच्या धुण्याचं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरता. त्यात रंग दिसला नाही की झालं, पाणी साफ. तोवर आधीचं सगळं रंगीत पाणी नालीतून विहिरीच्या कडेने निघून गेलेलं असतं. पुढे विहिरीतच रंग उतरला, गल्लीने तिच्यावर फळ्या ठोकल्या आणि आई दोन गल्ल्या पलीकडून हंडे वाहू लागली. तुम्ही तरी लडी आपटतच राहिलात. तुमच्या शेवटच्या वयापेक्षा मी आता मोठा झालो, तरी तो राग निवत नाही.

आजचा राग तुमच्या नातवावर आहे, दादाच्या मुलावर. रंगाऱ्यांच्या सोसायटीचा तो अध्यक्ष. माझी नात कॉलेजात जिवाणूंवर काम करते, तिने तुमच्या त्याच नालीतला काळा चिखल बरणीत भरून नेला होता. म्हणाली, "आबाजी, इतकी वर्षं रंगात राहून यातले जिवाणू रंगच खायले शिकले." मला तेव्हा गहिवरून आलं होतं. तुमच्या हातून सांडलेल्या रंगावर काहीतरी जगलं, वाढलं, हे एखाद्या कवितेसारखंच वाटलं. ते जिवाणू सोसायटीने रंगाचं पाणी साफ करायच्या टाक्यांत सोडले. पहिली टाकी बंद, तिथे हवेशिवाय रंग तुटतो. पण तुटलेल्या रंगाचे जे तुकडे उरतात ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि विषारी असतात. दुसऱ्या टाकीत ब्लोअरने हवा सोडली, की मग दुसरे जिवाणू ते संपवतात. पोरीने हे सगळ्यांना बसवून समजावलं होतं. आज सकाळी तिच्यासोबत गेलो तर ब्लोअर बंद. किती दिवसांपासून, कोणी सांगेना. पाणी पहिल्या टाकीतून तसंच नालीत, नालीतून विहिरीच्या कडेने. आणि आता पाणी साफ झालं म्हणून उद्या विहिरीच्या फळ्या काढायच्या आहेत, मांडव घातला आहे, गल्ली ते पाणी भरणार आहे.

मी त्याला जाब विचारला. त्याने वाकून टाकीतलं पाणी ओंजळीत घेतलं, उन्हात धरलं. अगदी तुमच्यासारखं, बाबा, कोपर तसंच बाहेर काढून. "बघा काका, काच आहे काच. ब्लोअर काहून चालवू? लाइटबिल तुम्ही भरता काय?" नात त्याला म्हणाली, रंग तुटला, विष नाही तुटलं. तो हसला. मी म्हटलं, लेकरं पितील रे हे. त्यावर मला म्हणतो, "तुम्ही उद्याच्या मांडवातल्या कवितेचं बघा."

चार माणसांत मी ओरडलो. आवाज फाटला, नातीने धरून घरी आणलं. तेव्हापासून तुमच्यावरच जळतो आहे. डोळ्यांवर इतका विश्वास ठेवायला या पोराला कोणी शिकवलं? तुम्हाला तरी खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून सोडून देऊ का? आई हंडे घेऊन यायची तेव्हा तुमच्या डोळ्यांना काय दिसत होतं? याला तर सगळं सांगितलेलं आहे. न दिसणारं नसतंच असं धरून चालायचं, हीच तुमची इस्टेट, आणि ती त्याने पुरती घेतली.

एक कबूल करतो. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून करतो. उद्या येणार नाही, असं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. माइकवर कविता म्हणायला मला किती वर्षांनी कोणी बोलावलं आहे. दुपारी ती दोनदा म्हणूनही पाहिली.

दार वाजलं म्हणून उठलो. पुतण्याची बायको. सासरच्या या घरात ती एकटी कधी आलेली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी आहे, पदराने घाम पुसते आहे.

"काकाजी, ब्लोअरचं बटन दाबून आली मी. अन् बायांले सांगून आली, उद्या त्या विहिरीत कोणी बादली टाकायची नाही. ह्यांनी विचारलं तर तुमचं नाव सांगू ना?"