सात पॉलिपांचा पक्का बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

ही काल लेकीकडे गेली. लेकीचं बाळंतपण, म्हणजे तीन महिने तरी. टाकी शेजारच्या वहिनींकडे सोपवणार होती. मी म्हटलं, हद्द झाली. बावीस वर्षं लोकांच्या घरातली वाळवी, झुरळं, ढेकूण काढतोय. पेस्ट कंट्रोलच्या माणसाला एक काचेची पेटी सांभाळता येणार नाही?

टाकी खाऱ्या पाण्याची, चार फुटी. आत दगड, नारिंगी माशांचं जोडपं आणि मधोमध म्हातारी. म्हातारी म्हणजे एक हिरवं प्रवाळ, कोबीच्या लहान गड्ड्याएवढं. हिच्या वडिलांच्या टाकीतलं. ते गेल्यावर भावांनी बाकी सगळं वाटून घेतलं, हिने अंगठ्याएवढा हा तुकडा मागून आणला. अकरा वर्षं वाढवतेय. माहेरचं म्हणून हिच्याकडे एवढंच आहे.

काचेवर नियमांचा कागद चिकटवून गेली आहे. एक, नवीन काही आत घालायचं नाही. दोन, हात घालायचा नाही. तीन, शंका आली की मला फोन करायचा.

शंका येणाऱ्यातला मी नाही.

११ फेब्रुवारी

सातव्या मजल्यावरचं काम पूर्ण. झुरळं. फॉर्म भरला. उपद्रव: तीव्र. उपाय: जेल व फवारणी. कारण: ग्राहकाचा निष्काळजीपणा. (हे मी सगळीकडे लिहितो. बहुतेक वेळा खरं असतं.) हमी: ९० दिवस. ग्राहकाची सही: झाली. बावीस वर्षांत माझा एकही फॉर्म सहीशिवाय राहिलेला नाही.

या झुरळवाल्या ग्राहकाकडेही खाऱ्या पाण्याची टाकी निघाली. मी सहज कौतुक केलं, तर त्याने लगेच एक दगड पिशवीत घालून दिला. दगडावर सात गुलाबी पॉलिप, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्रवाळजीव. देठाला इवले पंजे, सारखे उघडतात, मिटतात. अगदी टाटा करतात. तो तीन दगड देत होता, मीच एक घेतला. लिफ्टपर्यंत पोचवायला आला. इतका दिलदार माणूस अलीकडे पाहिला नाही.

हिला सरप्राइज. नियम एक हा माहीत नसलेल्या गोष्टींसाठी आहे. मला यांचं सगळं माहीत आहे: गुलाबी, सात.

२० फेब्रुवारी

आजोबा झालो! मुलगी. दोघी सुखरूप. व्हिडिओ कॉलवर बाळाची मूठ दिसली, उघडत मिटत होती. हिने विचारलं, म्हातारी कशी आहे. फोन टाकीकडे फिरवला. दगड दिसणार नाही अशा बेताने. सरप्राइज ते सरप्राइज.

पॉलिप आता एकोणीस. त्यांना माझा हात मानवलेला दिसतो.

८ मार्च, सकाळी ७:१५

एक्केचाळीस. त्यातला एक म्हातारीच्या शेजारच्या दगडावर. तिच्या अंगावर सावली पडते. एवढं चालणार नाही. जागेवरच आवर घालायचा हे धंद्याचं पहिलं सूत्र.

ब्लेडने सगळे खरवडून काढले. (नियम दोन मोडला, पण कोपरापर्यंतच.) पंप चालूच होता. गुलाबी तुकडे टाकीभर भुरभुरले. बघायला छान वाटलं. दहा मिनिटांत टाकी स्वच्छ.

उपद्रव: संपुष्टात. हमी: ९० दिवस, स्वतःला.

१९ मार्च

एकशे एकोणीस.

काचेवर, पंपावर, हीटरवर, सगळीकडे. मूळच्या दगडावर नऊ, म्हणजे तिथे माझं काम चोख झालं होतं.

टाकीचं सामान घेतो त्या दुकानदाराला फोन केला. म्हणाला, प्रत्येक तुकड्यातून नवा पॉलिप उगवतो. खरवडलंत म्हणजे पेरलंत. पंप तरी बंद केला होता का? मी सांगितलं, पंप बंद केला तर माशांना त्रास होतो. तो बराच वेळ हसला. माणूस आगाऊ आहे.

झुरळवाल्याला फोन लावला. उचलला नाही. कामात असेल.

२२ मार्च, रविवार

हिचा रविवारचा कॉल सव्वाअकराला असतो. टाकी दाखवणं आता शक्य नाही. पण मी गाफील नाही. फेब्रुवारीत टाकीचं शूटिंग करून ठेवलं होतं. लॅपटॉपवर ते लावलं, फोन लॅपटॉपसमोर धरला. म्हातारी हिरवीगार, मासे पोहताहेत. ही खूश. बाळाला पण दाखवलं.

हे खोटं बोलणं नाही. जुनी पण खरीच माहिती आहे.

२७ मार्च

अंधार-उपाय. म्हातारीजवळच्या पॉलिपांवर स्टीलची वाटी पालथी घातली. उजेड नाही तर वाढ नाही. आठ दिवस.

शिवाय गरम व्हिनेगर सुईने. रोज वीस पॉलिप. या वेगाने हिशेब केला तर ही यायच्या आत काम फत्ते. मेमध्ये तिला वाटेल टाकीला कुणी हातसुद्धा लावला नाही.

४ एप्रिल

वाटी उचलली. आतले पॉलिप जरा फिकट, बाकी खणखणीत. वाटीवर बाहेरून अकरा.

मोजणं थांबवतो. मोजल्याने मनोधैर्य खचतं.

५ एप्रिल, रविवार

हिने आज विचारलं की मला दर रविवारी सव्वाअकराला शिंक कशी येते. आणि शिंक आली की नारिंगी मासा डावीकडेच का वळतो. शूटिंगमध्ये माझी शिंक रेकॉर्ड झाली आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, अ‍ॅलर्जी. मासाही दचकतो. ती म्हणाली, वाफ घ्या. आणि काही सांगायचं असेल तर सांगा.

काही नाही म्हटलं. बालंबाल बचावलो.

९ एप्रिल

नैसर्गिक नियंत्रण. सगळं जग आता त्याच दिशेने चाललंय. पॉलिप खाणारा मासा आणला, पिवळा, लांब तोंडाचा. दुकानदाराने बजावलं, खाईलच असं नाही आणि दुसरं काही खाणार नाही असंही नाही. असले लोक कधी हमी देत नाहीत, म्हणून त्यांचा धंदा वाढत नाही.

११ एप्रिल

पिवळा मासा पॉलिपांकडे बघतही नाही. म्हातारीला टोचे मारतो. उजव्या बाजूला नखाएवढी जागा पांढरी झाली आहे.

पकडायला गेलो तर दगडांच्या मागे. दोन तास, जाळी, चाळणी, शेवटी चहाची गाळणी. नाकी नऊ आले. शर्ट कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत भिजला.

१२ एप्रिल, रविवार, सकाळी ९:००

निर्णय. मासा पकडेपर्यंत म्हातारीला बाहेर काढून सुरक्षित ठेवायचं. टाकीतलंच पाणी घेऊन बादलीत, जुन्या हीटरसह. दोन दिवसांचा प्रश्न.

बादली कुठली, यावर मी विचार केला. उगाच कुणी म्हणू नये की केला नाही. घरातल्या बादल्या साबणाच्या. साबणाचा अंशही चालत नाही असं हिनेच एकदा सांगितलं होतं. म्हणून माझी कामाची निळी बादली घेतली. तिला आयुष्यात साबण लागलेला नाही. तीन वेळा विसळली. फवारणीचं औषध पाण्यात विरतं, वासही येत नव्हता.

म्हातारी हातात घेतली. वाटते त्यापेक्षा जड आहे.

१४ एप्रिल

मासा पकडला! दुकानदाराला परत दिला. म्हातारीला टाकीत परत ठेवलं, तिच्याच जागेवर. जरा आक्रसली आहे, अंगावर चिकट साय आली आहे. प्रवास झाला की माणूसही थकतो. विश्रांती घेतेय.

१७ एप्रिल

अजून विश्रांतीच.

२१ एप्रिल, सकाळी ६:००

अंग सोडतेय. हिरवं सुटून पाण्यात जातंय, खालून पांढरं हाड दिसतंय. पाणी बदललं. दिवे कमी केले. दिवे वाढवले. पाणी परत बदललं.

दुकानदाराला फोन केला. त्याने एकेक विचारलं. पाणी कुठलं, हीटर कुठला, बादली कुठली. बादली कुठली ते सांगितलं. मग तो हसला नाही. त्याने विचारलं, मिसेसना सांगितलंत का. मी म्हटलं, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

रेंज पूर्ण होती.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटतेय. तीन वेळा विसळली होती. कीटकांना मारायला त्या औषधाचा एक थेंब पुरतो हे मी रोज लोकांना अभिमानाने सांगतो.

२६ एप्रिल

म्हातारी पूर्ण पांढरी. आशा आहे. म्हणजे नाही, पण वाचलंय कुठेतरी की कधीकधी फटीत एखादा जीव राहतो आणि पुन्हा वाढतो. भिंग घेऊन तासभर पाहिलं. एका खाचेत काहीतरी हललं. जीव वर आला.

गुलाबी होता.

३० एप्रिल

म्हातारीच्या अंगावर सव्वीस पॉलिप. (पुन्हा मोजतोय. दुसरं काय करणार.) दारातून डोळे बारीक करून पाहिलं तर गोल आकार तोच दिसतो. दिवा मंद ठेवला आणि हिला चष्मा लगेच सापडला नाही तर पहिला दिवस निभावेल. मग सांगेन. योग्य वेळ पाहून. बाळाचं कौतुक सुरू असताना.

खायचा हिरवा रंग पाण्यात घालायचाही विचार केला. टाकला तो विचार. मी इतकाही घसरलेलो नाही. रंग घरात नव्हता.

३ मे

झुरळवाल्याचा आपणहून फोन! म्हटलं माफी मागायला केला असेल. तर झुरळं परत आली आहेत. हमीचे आठ दिवस शिल्लक आहेत, कधी येताय, असं विचारत होता. मी दगडाचं विचारलं. म्हणाला, ते? ते होय, फारच पसरतात हो. मीच ते घालवायला घरी येईल त्याला एकेक देतो. तुमच्या मिसेस मागे टाकीच्या सामानाच्या दुकानात भेटल्या तेव्हा त्यांनाही देत होतो, त्यांनी हात जोडले. अजून एक देऊ का?

हिने नको म्हटलं होतं. घरी आल्यावर सांगितलंही असेल. मी तेव्हा बहुधा स्वतःचंच काहीतरी सांगत होतो.

५ मे

ही दुपारी आली. बॅग दारातच ठेवली आणि चपला न काढता टाकीसमोर गेली. चष्मा डोळ्यांवरच होता.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. ती स्टुलावर बसली. पॉलिप टाटा करत होते, हजारभर तरी. ती म्हणाली की शिंकेवरून तिला सगळं नाही तरी बरंचसं कळलं होतं. मी काहीतरी आत घातलं असणार. तिने ठरवलं होतं, येऊन साफ करू, महिना लागेल, म्हातारीने याहून वाईट दिवस काढलेत. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तर टाकीकडे तीन महिने कुणी बघितलंही नव्हतं, तरी ती जगली. पॉलिपांनी एवढ्यात ती जायची नाही. मग गेली कशी?

निळी बादली टाकीच्या खालीच होती. लपवायचं सुचलंच नव्हतं, इतकी ती मला ओळखीची. तिने बादली पाहिली, बाजूवरचं धोक्याचं चित्र पाहिलं. विचारलं, किती वेळा धुतलीत. मी म्हटलं, तीन. तिने मान हलवली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, तिसरा नियम एवढा अवघड होता का हो?

मग हात घालून म्हातारीला बाहेर काढलं, ओट्यावर घेऊन बसली आणि एकेक पॉलिप चिमटीने काढत राहिली. मी मदत करू का म्हटलं. नको म्हणाली.

६ मे, रात्री १०:००

फॉर्म भरला. पद्धत ती पद्धत.

ग्राहक: पत्नी. उपद्रव: सुरुवातीला सात. उपाय: सर्व. परिणाम: उपद्रव कायम, बाकी काही नाही. हमी: नाही. कारण: तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. हे वाक्य लिहायला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. रकान्यात मावत नव्हतं, बारीक अक्षरात लिहिलं.

नाश्त्याच्या वेळी तिच्यासमोर ठेवला, वर पेन. तिने वाचला. लेकीला फोन केला, बाळाला शी झाली का विचारलं. मग टेबल पुसायला घेतलं. फॉर्म उचलला, खालून पुसलं आणि होता तिथेच परत ठेवला, पेनसकट.

आता दहा वाजलेत. ती आत झोपली आहे. खिडकीत पांढरी म्हातारी वाळत ठेवली आहे.

ग्राहकाची सही: रिकामी.