राजहंस घेण्याआधी

धाकट्या, तुला ताईचे भरभरून आशीर्वाद आणि आईला नमस्कार.

मालकीणबाईंची पाखरं सांभाळायच्या या नव्या कामावर मी मजेत आहे, आईला एवढं वाचून दाखव. तिचे गुडघे काय म्हणतात?

कोंबड्यांसोबत राजहंस पाळायचं खूळ डोक्यात घेतलंयस, तर ऐक. पाणी वेगळं ठेव. राजहंस पाण्यात चिखल करतात आणि तेच पिऊन कोंबड्या आजारी पडतात.

राखणीला कुत्रा नको. परकं माणूस दिसलं की राजहंस ओरडून गाव गोळा करतात. घरच्यांपुढे मात्र मान खाली घालून कुजबुजतात. इथले माझ्यावर अजून ओरडतात मेले, एवढं खाऊपिऊ घालूनही!

रोज संध्याकाळी फाटकाची कडी वाजते. कोणी नसतं. तरी सगळे राजहंस तिकडे धावतात, कुजबुजतात आणि कुणाच्या तरी मागून चालल्यासारखे खुराड्याकडे जातात. कोंबड्या बाजूला सरून वाट देतात. मालकीणबाई म्हणाल्या, "आधी सांभाळणारी बाई वारली, पण पाखरांची सवय मोडत नाही."

असेल सवय. पण मी पोचेपर्यंत खुराड्याला बाहेरून कडी लागलेली असते.

हे आईला वाचून दाखवू नकोस.

तू राजहंस घेशील तेव्हा पिसं-पाय नंतर तपास. आधी ते कुणी वाढवले ते विचार, आणि ते माणूस अजून जिवंत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.

तुझी काळजी करणारी,
ताई