बारा तासांचा तक्ता

७ जुलै २०२५, सांगली

पुरस्काराचं पत्र आलं — ‘संशोधनाचा समाजावरील प्रभाव’. माझ्या निबंधाचा उल्लेख चारशेवर ठिकाणी झालाय. सातारा-सांगलीतल्या सव्वीस दवाखान्यांच्या भिंतीवर त्यावरून केलेला तक्ता आहे: साप चावला, बारा तासांत लक्षणं नाहीत, तर घरी सोडा. आयसीयूत पेढे वाटले.

संध्याकाळी उत्कर्षा, माझी संशोधन सहायक, दार लावून समोर बसली. जुन्या नोंदी तपासताना तिला एक नाव दोनदा सापडलं. धुळा, कोरेगावकडचा. आम्ही बाराव्या तासाला घरी सोडलेला. अठराव्या तासाला परत आणला — श्वास बंद. पण परत आल्यावर नवा केसपेपर निघाला, नवा नंबर. आमच्या अभ्यासात तो ‘सुखरूप’ आहे.

प्रत्यक्षात गेला.

८ जुलै

दिवसभर दोन्ही रजिस्टरं ताडून पाहिली — घरी सोडलेल्यांचं आणि नव्याने दाखल झालेल्यांचं. धुळा धरून असे चार निघाले. चौघांनाही मण्यार चावलेली; तिचं विष उशिरा चढतं. बाकीचे तिघं वाचले. 

९ जुलै

गोपाळकृष्ण सरांकडे गेले. तेव्हाचे विभागप्रमुख, निबंधावर त्यांचंही नाव आहे. शांतपणे ऐकून घेतलं. अभ्यासातल्या दोनशे बारा रुग्णांत चार म्हणजे फार नाही, म्हणाले. शिवाय पंचवीसला समारंभ आहे. मग — “भार्गवी, पुरस्कार घे. दुरुस्ती ऑगस्टमध्ये पाठवू.”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्याचीच लाज वाटतेय.

१० जुलै

साडेआठपासून एकेका दवाखान्याला फोन. तक्ता काढा, चोवीस तास ठेवून घ्या — एवढंच. बहुतेकांनी कारणही विचारलं नाही.

अकरावा फोन मेढ्याकडचा. सिस्टर विनोदिनी जरा थांबल्या. “मॅडम, ज्योतिबा म्हणून हाय एक. काल सांजच्याला आला, आज सातला सोडला की. तुमच्या तक्त्यात तसंच हाय.”

गाव वर डोंगरात. फोन लागेना. त्यांनी ॲम्ब्युलन्सच पाठवली. पावणेदोन तास काही कळेना. राउंड घेतला, कुणाला काय सांगितलं आठवत नाही. मग सिस्टरांचा फोन — घरी पडवीत सापडला. पापण्या उघडत नव्हत्या. दवाखान्यात जागरण झालं म्हणून झोपलाय, असं घरच्यांना वाटत होतं. नळी घातली, साताऱ्याला हलवतायत.

११ जुलै

ज्योतिबा व्हेंटिलेटरवर. जिवंत आहे.

निबंध मागे घेतोय असं पत्र नियतकालिकाला पाठवलं. पुरस्कार नको म्हणून कळवलं. सरांचा एका ओळीचा मेसेज: मला न विचारता हे करायला नको होतंस.

१३ जुलै

धुळाच्या घरी गेले. एकटीच. त्याचे वडील, हरिबा, गोठ्यात होते. कोण, कुठली, ते सांगितलं. मग सगळंच सांगितलं — त्याला सोडायला नको होतं, आणि तो गेल्याचं आमच्या अभ्यासात कुणाला कळलंच नाही.

त्यांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला.

“कळलं न्हाई कसं? मी तवाच कळवलं हुतं की. मास्तरांकडनं लिवून घेतलं, रजिस्टर पत्र घातलं. पोचल्याची सई बी आलीया.”

 पत्र विभागात आलं होतं? म्हणजे कुणीतरी ते वाचून गप्प बसलं. पावती शोधून फोटो धाडतो म्हणाले. मी निघाले तर चहा घेतल्याशिवाय जाऊ देईनात. 

परतीच्या वाटेवर डोळ्यांपुढे फक्त सर. त्यांना काय काय बोलायचं, ते सांगलीपर्यंत मनात जुळवत आले.

१४ जुलै

फोटो आला. गुलाबी पोचपावती. तारीख निबंध पाठवण्याच्या तीन आठवडे आधीची. सही माझी.

काही आठवत नाही. त्या दिवसांत किती पाकिटं सह्या करून घेतली, किती न फोडताच ठेवली —

नियतकालिकाला शुक्रवारी पाठवलेल्या पत्रात मी लिहिलंय, ‘आम्हाला याची कल्पना नव्हती.’ ते वाक्य मागे घेतलं. फोटो जोडून पाठवला.