डायरेक्ट इंटरमिजिएट

७ जुलै, सोमवार
आजपासून अरबी. उल्हासनगरच्या कॉलेजात संध्याकाळचा कोर्स, शिक्षणाची अट नाही. ऑफिसातल्या बाईने बेसिकचा फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, मस्कतला सहा वर्षं घरकाम करून आलेय, मला अलिफ-बे काय शिकवता. मग सरांनी तोंडी परीक्षा घेतली. मी थांबलेच नाही. सर बस बस म्हणाले आणि इंटरमिजिएटला नाव घातलं. चौथी पास बाई, डायरेक्ट मधल्या पायरीवर. घरी सांगितलं तर हे म्हणाले, उतरताना जपून.

कारण लिहून ठेवते. मस्कतची मॅडम नोव्हेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनला मुंबईत येणार. बरोबर तिचा मुलगा सालेम. फोनवर म्हणाली, विठा, तू पाहिजेच. म्हणजे दुभाषी. डॉक्टर हिंदीत बोलणार, मॅडम अरबीत, मध्ये मी. आणि सालेमशी नीट बोलायचं आहे. पाळण्यात होता तेव्हा हातात घेतला, शाळेत जायला लागला तेव्हा सोडून आले. खा, झोप, ऊठ, ह्यापलीकडे बोलणंच झालं नाही. आता मिसरूड फुटलं असेल.

१४ जुलै, सोमवार
सर आमच्या बेलवलीचेच, दोन गल्ल्या सोडून. नाव भगवान. अरबस्तान बघितलेलं नाही. विमानात बसलेले नाहीत. पुस्तकातलं अरबी बोलतात. तसलं अरबी मी मस्कतमध्ये फक्त टीव्हीच्या बातम्यांत ऐकलं, आणि ते लागलं की मॅडम चॅनल बदलायची.

आज फळ्यासमोर त्यांचा खडू माझ्या बाकाखाली पडला. मी म्हटलं, सर, तआली. म्हणजे या. वर्ग हसला. सर म्हणाले, विठाताई, तआली बाईला म्हणतात. पुरुषाला तआल. मी म्हटलं, सहा वर्षं सकाळपासून रात्रीपर्यंत हेच ऐकलंय. तआली, ये. जीबी, आण. रूही, जा. मॅडम स्वतःची भाषा चुकीची बोलेल काय. सर म्हणाले, मॅडम बरोबर बोलत होत्या. तुमच्याशी.

वाद घातला नाही. शिकलेल्या माणसाला वर्गात पाडून बोलू नये.

२३ जुलै, बुधवार
बाजूच्या बाकावर गोविंदराम काका, सिंधी, कापडाचं दुकान मुलाकडे सोपवून आलेत. लहानपणी सिंधी शाळेत ह्याच अक्षरांत शिकले. फडाफडा वाचतात, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. मला अर्थ ठाऊक, वाचता येत नाही. दोघं मिळून एक इंटरमिजिएट होतो. सर म्हणाले, परीक्षा मात्र वेगवेगळी होईल.

४ ऑगस्ट, सोमवार
होमवर्क. स्वतःबद्दल पाच वाक्यं, प्रत्येकात 'मी'. मी राहते, मी खाते, असलं. बसले लिहायला. आण येतं, पूस येतं, बंद कर येतं, हळू बोल येतं. 'मी'चं एक येईना. तिकडे मी म्हणायचं काम पडलं नाही. शेवटी लिहिलं, विठा, ये. विठा, जा. विठा, चहा कर. सरांनी वाचलं आणि लाल पेनाने काहीच खूण केली नाही. म्हणजे सगळं बरोबर.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गणपती. दीर-जावा, त्यांची पोरं, मोदक. अभ्यास शून्य. विसर्जन झालं की पहाटे उठणार आणि क्रियापदं पाठ करणार. नक्की.

१० सप्टेंबर, बुधवार
पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. क्रियापदं नवीनच आहेत.

२४ सप्टेंबर, बुधवार
नवरात्राचे उपवास. अरबीत एक अक्षर आहे, घशाच्या तळातून काढावं लागतं. उपाशीपोटी ते निघत नाही. तरी ओट्याशी उभी राहून प्रॅक्टिस केली. शेजारची द्रौपदी आल्याचा काढा घेऊन आली. म्हणाली, अंगावर काढू नकोस, छातीत उतरेल. तिला सांगितलं, हे भाषेचं आहे. म्हणाली, असूदे, गरम आहे तोवर पी.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं. हॉस्पिटलात दुभाषी म्हणून बोलावलंय. काळी पर्स आणली. भाविकाने विचारलं, आई, मॅडम दुभाषी असा शब्द बोलली का? ही पोरगी बी.कॉम.ला गेल्यापासून प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागते. म्हटलं, तू पाहिजेच म्हणाली, ह्याचा दुसरा अर्थ सांग. मोबाइल घेऊन आत गेली.

२९ ऑक्टोबर, बुधवार
तोंडी परीक्षा. सर डॉक्टर झाले, काका पेशंट, मी मध्ये. सर अरबीत म्हणाले, ह्यांना विचारा कुठे दुखतं. मी काकांना म्हटलं, रूही, म्हणजे जा. घाईत तेच आलं. काका खरंच उठून दारापर्यंत गेले. कशाला गेले कुणास ठाऊक, त्यांना अर्थ कळत नाही म्हणतात.

सरांनी नंतर बाजूला घेतलं. म्हणाले, विठाताई, बोलायची भीती तुम्हाला नाही, ते अर्धं काम आहे, पण पुढच्या खेपेला बेसिकला बसा. मी समजले. बेसिकचा वर्ग कच्चा असतो, त्यांना माझ्यासारखी धीट बाई लागते.

निघताना एक वाक्य लिहून घेतलं. सालेम, कसा आहेस, तुझी फार आठवण आली. सर म्हणाले, मुलगा आहे ना, मग शेवटी 'का' म्हणायचं. कैफ हालुका. 'की' नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर का, का, का. हे म्हणाले, गॅलरीत जा, कावळे तरी येतील.

६ नोव्हेंबर, गुरुवार, हॉस्पिटलातून
काळी पर्स घेऊन पोचले. दारात कोट घातलेला एक तरुण. हॉस्पिटलचा दुभाषी. त्यांनीच ठेवलेला. डॉक्टर बोलला की हा अरबीत धो धो, मॅडम बोलली की हा इंग्रजीत धो धो. मला दोन्ही कळेना. मॅडमने मला बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं, गालाला हात लावला आणि म्हणाली, तआली, विठा. पर्स कुठे ठेवू बघत होते, तोवर जीबी. उशी, पाणी, मग पाय दाबायला. हे सगळं मला कळलं.

सालेम खिडकीशी. बापासारखा उंच. कानात वायर, फोनवर इंग्रजी. मी समोर उभी राहिले, पदर नीट केला, आणि एका दमात म्हटलं, कैफ हालुका या सालेम, आणि पुढचं सगळं. 'का' बरोबर आला.

त्याने वायर काढली. मॅडमला काहीतरी म्हणाला, दोघं हसली. कोटवाल्याने हिंदीत सांगितलं, मौसी, ये बोल रहा है, आप टीव्ही की न्यूज जैसी बोलती हो.

मग तो माझ्याकडे वळला. आणि म्हणाला, विठा, जेवलास?

मराठीत. म्हणाला, दमलास? चल, हात धू. शाणा झालास फार.

मस्कतमध्ये ह्याला भरवायची तेव्हा मराठीतच ओरडायची. ऐकायला कोण होतं तिथे.

मी म्हटलं, जेवलीस. दमलीस. बाईला तसं म्हणायचं.

तो म्हणाला, तू असाच बोलायचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमचे पाय दाबले. सालेमला मराठीत पाच वाक्यं दिली, प्रत्येकात 'मी'. त्याला एकही आलं नाही. इंटरमिजिएटला बसतो म्हणत होता. म्हटलं, गपचूप बेसिकला बस.

सोमवारी मीपण कॉलेजात जाऊन बेसिकला नाव घालते. बिल्डिंगमध्ये सांगायचं नाही.