सरदार गुलाबच्या चित्रांची आणि माझ्या घराची व्यवस्था

मी, केशव नागोजी सांबरेकर, वय शहात्तर, चित्रकार, राहणार काकती, जिल्हा बेळगाव. डावे अंग अधू आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. काकतीचे घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी मानसकन्या लतिका हिला द्यावे. तिच्या घरच्यांनी तिला मुलगा समजून ठेवलेले नाव निराळे होते. ते इथे लिहिण्याची गरज नाही.

२. तरुणपणी मी निपाणीच्या एका मासिकात 'सरदार गुलाब' ही चित्रकथा काढत असे. एका अंकात सरदार विहिरीत उतरला आणि बाई होऊन वर आला. नाव गुलाबच राहिले, तलवारही. मालक म्हणाले, "पोरांचे बाप भांडायला येतात. पुढच्या अंकात त्याला परत पुरुष कर."

त्याच आठवड्यात लतिका शर्ट-पँटीत छापखान्यात आली. म्हणाली, "अण्णा, गुलाबला परत बाप्या करू नगासा. पहिल्यांदाच माझ्यागत कुणीतरी दिसलंया."

मी केले नाही. मालकांनी स्वतःच्या पेनाने गुलाबला मिशा काढल्या आणि मला काढून टाकले. मिशांचा तो अंक रद्दीत घालावा. मूळ चित्रे सर्व लतिकाची.

३. पुढे मी उद्यमबागेत कारखान्यांच्या पाट्या रंगवल्या. लतिकाला घरातून हाकलले, तेव्हा ती माझ्याकडे आली, शिवणकाम शिकली. मला अर्धांगवायू झाल्यापासून माझे सर्व तीच करते. शिलाई मशीन तिचेच आहे. ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

४. कंग्राळीच्या शेतातील माझा हिस्सा पुतण्या आदर्श याला द्यावा, कारण ती जमीन त्याच्या वडिलांनी कसली. आदर्शने स्वतःच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला लतिकाचे पान बाहेर पडवीत मांडले होते. मी माझे पान उचलून तिच्याशेजारी बसलो. हिस्सा देतो म्हणजे ते विसरलो असे समजू नये.

५. मला अग्नी लतिकाने द्यावा. आदर्श परवा म्हणाला, "काका, बाईमाणूस अग्नी देत न्हाय." आजवर तो तिला बाप्या म्हणत आला. दोन्हीपैकी काय ते त्याने ठरवावे. बाप्या म्हणाला, तर हरकत उरत नाही. बाई म्हणाला, तर तेवढे एकदा चारचौघांत म्हणावे, आणि बाजूला व्हावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही: केशव नागोजी सांबरेकर

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. माधवी श्रीनाथ देशपांडे, वकील, बेळगाव
२. भरमू यल्लाप्पा मुतगेकर, शेजारी, काकती

ठिकाण: बेळगाव
तारीख: १२ फेब्रुवारी २०२४