ठमीला पदक मिळालं

आई,

पाया पडतो. माझा पाय बरा होतोय, जेवणही जातं. बाबांचा खोकला कमी आहे ना?

काल माझ्या कुत्रीला, ठमीला, पदक दिलं. पुरलेला सुरुंग तिने हुंगून दाखवला, म्हणून आम्ही सगळे वाचलो; पण तो फुटला, त्यात ती गेली. तिच्या फोटोला साहेबांनीही सलाम केला.

मग मला म्हणाले, "आता नवा कुत्रा सांभाळ."

"साहेब, त्यापेक्षा भांडी घासायला पाठवा," मी म्हटलं. त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला.

नवा कुत्रा गुणी आहे. पण त्याला हाक मारायला तोंड उघडत नाही. त्यालाही मीच पुढे धाडणार.

धाकटीला पिल्लू हवंय, असं लिहिलंस. आणू नका. ते माझ्यामागे धावत आलं, तर मला घरात राहवणार नाही.

तुझाच,
थोरला